हौद्याचे अस्तर : पारख आणि निवड

मालवाहू मोटारीचा जो भाग सर्वाधिक राबतो, त्याच्याकडे तिच्या मालकाचे लक्ष सर्वांत कमी जाते. यंत्राला वेळच्या वेळी तेल मिळते, चाकांतील हवा तपासली जाते, पुढील काच रोज पुसली जाते. परंतु ज्या हौद्यात माल भरण्यासाठी गाडी विकत घेतलेली असते, तो हौदा मात्र खरचटत, पोचत आणि गंजत राहतो. तळाला भोक पडून खालचा रस्ता दिसू लागेपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाही.

अमेरिकेत ‘पिकअप’ या नावाने ओळखली जाणारी छोटी उघडी मालमोटार शेतकरी, सुतार, गवंडी, नळकारागीर अशा असंख्य लोकांचे रोजचे साधन आहे. या गाडीच्या हौद्याला आतून फवाऱ्याने रबरासारखा जाड थर देण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय त्या देशात गेल्या तीन-चार दशकांत वाढला. या थराला तेथे हौद्याचे अस्तर म्हणतात. ते कशाचे करतात, कसे टिकते, कोठे फसते आणि त्याची निवड कोणत्या क्रमाने करावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. उदाहरणे अमेरिकेतील असली तरी त्यामागील तत्त्वे पत्र्याच्या कोणत्याही हौद्याला लागू पडतात. आपल्या रस्त्यांवर भाजीपाला, सिमेंट व दुधाचे कॅन वाहणाऱ्या लहान गाड्यांचे हौदेही त्याच पोलादाचे असतात आणि त्याच कारणांनी खराब होतात.

हौद्याचे शत्रू

हौद्यावर होणारे आघात तीन प्रकारचे असतात आणि अस्तराचा विचार करण्यापूर्वी ते वेगवेगळे ओळखणे आवश्यक आहे.

पहिला आघात घर्षणाचा. लाकडी खोकी, लोखंडी पहारी, विटा, खडी हे सारे तळावरून ओढले जाते. गाडी चालत असताना तोच माल किंचित मागेपुढे सरकत राहतो. मोटारीवरील कारखान्यातील रंगाचे सर्व थर मिळूनही जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच असते. इतका पातळ थर शोभेसाठी आणि पाऊस-उन्हासाठी पुरेसा आहे. पहारीच्या टोकासाठी नाही.

दुसरा आघात आदळण्याचा. उंचावरून टाकलेला दगड पत्र्याला पोचा पाडतो. पत्रा वाकला की त्यावरील रंग ताणला जातो आणि तडकतो. पोचा डोळ्यांना दिसतो, परंतु रंगातील बारीक तडा दिसत नाही. पुढची हानी त्या तड्यातूनच सुरू होते.

तिसरा आघात गंजाचा. लोखंड, प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज निर्माण होतो. पाण्यात मीठ विरघळलेले असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच समुद्रकिनाऱ्यावरील गाड्या लवकर गंजतात. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, तेथील गाड्यांचीही हीच गत होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो कडेचा चांगला रंगही खालून उचलतो, उघड्या पडलेल्या पत्र्याला पुन्हा पाणी मिळते आणि हानी आपोआप पसरत जाते.

यावरून अस्तराकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे स्पष्ट होते. चांगले अस्तर घर्षण सोसते आणि पाण्याला पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. आदळण्याचा जोर ते थोडाफार कमी करते. परंतु दोन-तीन मिलिमीटरचा थर जड दगडाचा पोचा टाळू शकत नाही. पोचा पडला तरी थर न फुटता पत्र्याबरोबर वाकतो, एवढेच त्याचे सामर्थ्य आहे. अर्थात गंजाच्या दृष्टीने तेही थोडे नव्हे.

फळीपासून फवाऱ्यापर्यंत

१९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला मागे मालाचा हौदा जोडून ती कारखान्यातूनच तयार विकावयास आणली. त्यापूर्वी शेतकरी आपल्या गाडीचा मागील भाग कापून तेथे घरीच खोके बसवीत असत. त्यानंतरच्या काळात कित्येक अमेरिकी गाड्यांच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे आणि फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असत. खोकी त्या पट्ट्यांवरून सरकत. फळी झिजली किंवा कुजली तर तेवढी एकच बदलता येई. ही रचना १९६० नंतरच्या दशकापर्यंत अनेक गाड्यांत टिकून होती.

पुढे संपूर्ण पोलादी तळ रूढ झाला. तो हलका आणि करावयास स्वस्त होता. परंतु तळाची एकच फळी बदलण्याची सोय गेली. पत्रा एका जागी कुजला की संपूर्ण तळाचाच प्रश्न उभा राहू लागला. अस्तराची गरज खऱ्या अर्थाने येथे निर्माण झाली.

या गरजेला मिळालेली उत्तरे मुख्यतः तीन आहेत. पहिले, सुटी रबरी चटई. दुसरे, हौद्याच्या आकाराचे घडवलेले प्लॅस्टिकचे तबक. तिसरे, पत्र्यावरच फवारलेले आणि तेथेच घट्ट झालेले अस्तर. यांपैकी तिसरा प्रकार अखेर गाड्यांच्या कारखान्यांतही पोहोचला. निसान कंपनीने २००४ सालच्या आपल्या ‘टायटन’ गाडीबरोबर कारखान्यातच फवारलेले अस्तर देऊ केले. पुढे इतर कंपन्यांनीही हा मार्ग स्वीकारला.

चटई आणि तबक

रबरी चटईला लोक साधी समजून बाजूला सारतात, परंतु तिचे गुण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. ती जाड असल्यामुळे आदळण्याचा जोर बऱ्यापैकी शोषून घेते, माल सरकू देत नाही आणि मुख्य म्हणजे ती उचलता येते. खालचा पत्रा पाहता येतो, धुता येतो, वाळवता येतो. तिचे दोष दोन. ती हौद्याच्या भिंतींना संरक्षण देत नाही आणि ती उचलून वाळवण्याचा कंटाळा केला तर तिच्याखाली ओल दडून राहते.

घडीव तबक बहुधा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचे असते. ते तळ व भिंती दोन्ही झाकते, तासाभरात बसते आणि गाडी विकताना काढूनही घेता येते. परंतु त्याचा पत्र्याशी कोठेही घट्ट संबंध नसतो. गाडी धावत असताना ते थरथरत राहते. त्याच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत वाळूचे कण शिरतात आणि थरथरणारे तबक त्या कणांनिशी रंग घासू लागते, जणू काचकागदच. त्याच फटीत पावसाचे पाणी साचते. परिणामी वरून नवे कोरे दिसणारे तबक काही वर्षांनी उचलावे, तो खाली गंजाचे नकाशे उमटलेले आढळतात. शिवाय पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने खोकी त्यावरून सहज घसरतात. ज्याला माल सरकवून भरावयाचा आहे त्यास हे सोयीचे वाटते. ज्याला तो जागच्या जागी राहावयास हवा त्यास नव्हे.

येथे एका धोक्याचा उल्लेख केलाच पाहिजे. प्लॅस्टिक हे विजेचे दुर्वाहक आहे. अशा अस्तरावर ठेवलेल्या डब्यात पेट्रोल भरताना डब्यावर स्थिर विद्युत साठते. तिला जमिनीत निघून जाण्यास वाट नसते. एक लहानशी ठिणगी पडली तरी पेट्रोलचे बाष्प पेटू शकते. अमेरिकेत अशा आगी लागल्यानंतर तेथील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली त्याबाबत जाहीर इशारा दिला. नियम साधा आहे : पेट्रोलचा डबा हौद्यात ठेवून कधीही भरू नये, तो खाली जमिनीवर ठेवावा, भरावा आणि झाकण लावून मग वर चढवावा. फवारलेले अस्तरही दुर्वाहकच असल्यामुळे हा नियम त्यालाही तितकाच लागू आहे.

फवाऱ्याचे रसायन

फवारलेले अस्तर हा रंग नव्हे. साधा रंग म्हणजे एखाद्या विद्रावकात मिसळलेले द्रव्य. विद्रावक उडून गेला की मागे पातळ पापुद्रा राहतो. अस्तराच्या बाबतीत दोन द्रव पदार्थ बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात, त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि पत्र्यावर एक नवेच घन द्रव्य जन्म घेते. पत्र्यावर जेवढे फवारावे तेवढे जवळजवळ सारेच शिल्लक राहते; म्हणून एकाच वेळी जाड थर देता येतो.

या दोन द्रवांपैकी एक आयसोसायनेट वर्गातील असतो. दुसरा पॉलिओल असेल तर होणाऱ्या बहुवारिकाला पॉलियुरेथेन म्हणतात. दुसरा अमाइन वर्गातील असेल तर पॉलियुरिया तयार होतो. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीतील ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लेव्हरकुसेन येथे विकसित केले. फवारण्याजोगा पॉलियुरिया त्यानंतर बऱ्याच काळाने, १९८० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील टेक्साको केमिकल कंपनीत तयार झाला. बाजारातील पुष्कळ अस्तरे या दोहोंच्या मिश्रणाची असतात. म्हणून केवळ नावावरून एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असे ठरवू नये.

दोहोंमधील व्यावहारिक फरक वेगाचा आहे. अमाइनची आयसोसायनेटशी क्रिया इतकी शीघ्र होते की तिला उत्प्रेरक लागत नाही. शुद्ध पॉलियुरिया काही सेकंदांतच घट्ट होतो. त्यामुळे तो उभ्या भिंतीवरून ओघळत नाही. हवेतील दमटपणाचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. पॉलियुरेथेन सावकाश घट्ट होते. त्या अवधीत आयसोसायनेटचा पाण्याशी संबंध आला तर कर्बद्विप्राणिल वायू निर्माण होतो आणि अस्तरात फुगे धरतात. पावसाळी हवेत किंवा ओलसर पत्र्यावर केलेले काम बिघडते ते यामुळे. याउलट, अतिशीघ्र घट्ट होणाऱ्या द्रव्यालाही एक उणेपण आहे. पत्र्याच्या बारीक खाचांत उतरण्यास त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. अशा वेळी पत्रा आधी किती चांगला तयार केला आहे यावर सारे अवलंबून राहते.

शीघ्र घट्ट होणारी द्रव्ये तापवून, साधारणपणे ६० ते ७५ अंश सेल्सियस तापमानास आणि हवेच्या दाबाच्या शंभर-दीडशे पट किंवा त्याहून अधिक दाबाने फवारावी लागतात. त्यासाठी महाग यंत्र आणि कसलेला कारागीर हवा. कमी दाबाच्या पद्धतीत द्रव्ये न तापवता साध्या साधनाने फवारता येतात. मिळणारे अस्तर बहुधा मऊ व खडबडीत असते. याखेरीज घरी ब्रशने किंवा रोलरने लावण्याचे डबेही मिळतात. त्यांचा थर पातळ असतो आणि टिकाऊपणा त्याच मानाने कमी. मात्र हलक्या वापरासाठी आणि जुन्या गाडीसाठी तो पुरेसा ठरू शकतो.

जाडी, काठिण्य आणि ऊन

अस्तराची जाडी साधारणतः दीड ते तीन मिलिमीटर ठेवतात. तळावर अधिक, भिंतींवर कमी. याचा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. हौदा २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच आहे असे धरू. तळाचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर होईल. चारही भिंतींची एकूण लांबी ७ मीटर, म्हणजे त्यांचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर. एकूण साडेसहा चौरस मीटरवर सरासरी अडीच मिलिमीटर थर द्यावयाचा तर सुमारे सव्वासोळा लिटर द्रव्य लागेल. त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी अधिक असल्याने वजन १८ किलोग्रॅमच्या आसपास भरेल.

या हिशेबातून दोन गोष्टी समजतात. एक, अस्तराचे वजन एखाद्या लहान मुलाएवढेच असते, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. थर निम्मा केला तर द्रव्याचा खर्च निम्मा होतो आणि वरून पाहणाऱ्यास ते मुळीच कळत नाही. म्हणून दोन कारागिरांच्या दरांत मोठी तफावत असेल तर प्रथम जाडी विचारावी. पोलादी पत्र्यावरील थराची जाडी चुंबकी मापकाने अस्तराला धक्का न लावता मोजता येते. तळाच्या मध्यावर, कोपऱ्यांत आणि भिंतींच्या वरच्या कडेला अशी तीन ठिकाणी ती मोजून दाखवण्याची मागणी करण्यात काहीच गैर नाही.

काठिण्य शोअर नावाच्या मापनीवर सांगतात. ‘ए’ मापनी रबरासारख्या मऊ द्रव्यांसाठी आणि ‘डी’ मापनी कठीण द्रव्यांसाठी असते. मऊ अस्तर मालाला धरून ठेवते आणि आदळण्याचा जोर अधिक शोषते. परंतु धारदार वस्तूने ते कापले जाते. कठीण अस्तर कापले जाण्यास अधिक विरोध करते, पण त्यावर माल अधिक घसरतो. घरसामान किंवा यंत्रे वाहणाऱ्याने मऊ अस्तर घ्यावे. खडी, भंगार किंवा फावड्याने काढावयाचा माल वाहणाऱ्याने कठीण अस्तर घ्यावे. सर्वांसाठी एकच उत्तम काठिण्य अशी गोष्ट नाही.

उन्हाचा प्रश्न रंगापुरता असतो. नेहमीच्या स्वस्त अस्तरांत ज्या जातीचे आयसोसायनेट असते, ती सूर्याच्या जंबुपार किरणांनी फिकट आणि खडूसारखी होते. काळे अस्तर काही वर्षांत करडे दिसू लागते. बहुधा हा दोष वरवरचा असतो. खालचा थर आपले काम करीत राहतो. रंग टिकावा अशी इच्छा असेल तर ऊन सोसणाऱ्या जातीचा पातळ वरचा हात देतात. तो महाग असतो. कामाच्या गाडीला तो घ्यावा की नाही हा आवडीचा प्रश्न आहे, संरक्षणाचा नव्हे.

पत्र्याची तयारी

अस्तर निकामी होते तेव्हा ते झिजून क्वचितच निकामी होते. ते सुटते. आणि सुटण्याचे कारण बहुतेक वेळा द्रव्यात नसून द्रव्याखाली असते.

कल्हईवाला भांडे प्रथम घासतो, तापवतो, त्यावर नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. नवसागराने धातूवरील मळ निघून गेल्याशिवाय कथील धरत नाही. हौद्याच्या अस्तराची गोष्ट अशीच आहे. नव्या गाडीच्या गुळगुळीत, मेण लावलेल्या रंगावर फवारलेले अस्तर काही दिवस सुंदर दिसते आणि पुढे सालीसारखे निघून येते. त्यासाठी कामाचा क्रम असा ठेवतात : हौद्यातील पट्ट्या, कड्या व बोल्ट काढावयाचे, साबणाने व विद्रावकाने तेल आणि मेण पूर्ण धुऊन काढावयाचे, रंगाची चकाकी जाईपर्यंत तो सर्वत्र खरवडावयाचा, धूळ झाडून पुन्हा विद्रावकाने पुसावयाचे, जेथे अस्तर नको तेथे कागद व चिकटपट्टी लावावयाची आणि पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावरच फवारावयाचे. चांगला मूळ रंग खरवडून पार काढून टाकू नये. त्याखालील गंजरोधक थर हा आपला मित्र आहे. केवळ अस्तराला धरावयास खडबडीतपणा हवा असतो.

गंजाच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड करता येत नाही. गंजावर अस्तर फवारणे म्हणजे रोगावर पांघरूण घालणे होय. गंजाचा सुटा पापुद्रा पत्र्याला धरून नसतो. त्यावरील अस्तरही मग पत्र्याला धरून नसते. त्या पोकळीत ओल पोहोचली की आतल्या आत पत्रा कुजत राहतो आणि वरचे जाड, मजबूत अस्तर ते कोणास दिसू देत नाही. जुन्या गाडीचा गंज स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढला पाहिजे, भोके बुजवली पाहिजेत, उघड्या धातूला प्रायमरचा हात दिला पाहिजे आणि नंतरच अस्तर. हे करणे परवडत नसेल तर त्या गाडीस उचलता येणारी चटईच बरी.

आणखी एक बारकावा. तळाला पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके अस्तराने बुजता कामा नयेत. अस्तराच्या कडा भिंतीच्या वरच्या काठाशी नेमक्या आणि घट्ट असल्या पाहिजेत, कारण सुटण्याची सुरुवात नेहमी कडेपासून होते. काम ताब्यात घेताना प्रथम कडा पाहाव्यात, मग फाळक्याच्या बिजागऱ्यांजवळील जागा, मग कोपरे.

फवारणाऱ्याची छाती

आतापर्यंत आपण पत्र्याचा विचार केला. आता बंदूक हातात धरणाऱ्या माणसाचा केला पाहिजे.

आयसोसायनेट हा शब्द भारतीय वाचकास नवा नाही. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधल्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून जो वायू सुटला तो मेथिल आयसोसायनेट होता. अस्तरात वापरतात ते आयसोसायनेट त्याच कुळातले असले तरी वेगळे आहे. मेथिल आयसोसायनेट सुमारे ३९ अंश सेल्सियसलाच उकळते आणि म्हणून सहज हवेत पसरते. अस्तरातील आयसोसायनेट, ज्याला एमडीआय म्हणतात, जड रेणूचे असून सामान्य तापमानास त्याचे बाष्प अत्यल्प होते. डब्यात बंद असता ते फारसे भयंकर नाही. परंतु तेच तापवून प्रचंड दाबाने फवारले की त्याचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगू लागतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. त्याला जवळजवळ वास नसल्यामुळे नाक माणसास सावध करीत नाही.

या द्रव्याने दमा जडतो. काही माणसांत शरीर त्याच्याविषयी अतिसंवेदनशील बनते आणि एकदा तसे झाले की पुढे अगदी अल्प मात्राही दम्याचा तीव्र झटका आणू शकते. त्वचेवर पडलेले द्रव्यही या संवेदनशीलतेला कारण होऊ शकते. अमेरिकेतील कायद्याने कामाच्या जागेच्या हवेत एमडीआयची कमाल मर्यादा दहा लाख भागांत ०.०२ भाग, म्हणजे दहा कोटी भागांत दोन भाग, इतकी ठरवली आहे. पूर्वी उल्लेखिलेल्या राष्ट्रीय संस्थेने २००६ साली खास हौद्याची अस्तरे फवारणाऱ्यांसाठी एक इशारापत्र काढले. एका व्हॅनच्या आतल्या भागात अस्तर फवारल्यानंतर दम्याच्या झटक्याने मरण पावलेल्या कामगाराची हकीकत त्यात नमूद आहे. फवारणी बंदिस्त, हवा ओढून घेणाऱ्या खोलीत करावी, फवारणाऱ्यास बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा द्यावा, त्याची त्वचा पूर्ण झाकलेली असावी आणि त्या वेळी दुसऱ्या कोणास आत येऊ देऊ नये, असे त्या संस्थेचे सांगणे आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मुखवटा येथे निरुपयोगी होय.

गाडीच्या मालकाने याचा विचार का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर माणुसकीचे आहे आणि ते पुरेसे आहे. दुसरे व्यवहाराचे आहे : जो दुकानदार आपल्या कामगाराच्या श्वासाची काळजी घेत नाही, तो न दिसणाऱ्या पत्र्याच्या तयारीची काळजी घेत असेल असा भरवसा कशाच्या आधारे धरावा? दुकानात शिरताच फवारणीची जागा वेगळी आहे काय आणि मुखवट्याची नळी भिंतीला टांगलेली आहे काय, हे पाहावे. कामाविषयी पुष्कळ काही तेथेच समजते.

हा धोका अस्तर घट्ट झाल्यावर संपतो. परंतु एका प्रसंगी तो परत येतो. अस्तर असलेल्या पत्र्यावर जोडकाम केले तर उष्णतेने ते जळते आणि त्याच्या धुरात आयसोसायनेट व हायड्रोजन सायनाइड यांसारखे विषारी पदार्थ असू शकतात. म्हणून अशी गाडी दुरुस्तीस देताना पत्रेकाम करणाऱ्यास अस्तराविषयी आधी सांगावे आणि जोडाच्या जागेभोवतालचे अस्तर काढल्याखेरीज ज्योत लावू देऊ नये.

निवडीचा क्रम

आता निवडीचे प्रश्न क्रमाने मांडता येतील.

पहिला प्रश्न : हौदा कशाचा आहे? टोयोटाच्या ‘टाकोमा’ गाडीस २००५ पासून संयुक्त प्लॅस्टिकचा हौदा आहे. तो गंजतच नाही. फोर्डच्या ‘एफ-१५०’ गाडीचा हौदा २०१५ च्या नमुन्यापासून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. त्यास लोखंडी गंज नाही, पण पोचे व चरे आहेत. अशा गाड्यांत अस्तराचे मुख्य कार्य घर्षण रोखणे आणि माल धरणे एवढेच उरते. पोलादी हौद्याला मात्र त्याची गरज पूर्ण आहे.

दुसरा प्रश्न : वाहतूक कशाची? महिन्यातून एकदा कपाट हलवणाऱ्यास चटई पुरते. रोज विटा भरणाऱ्यास फवारलेले अस्तर आणि त्यावर चटई, असे दोन्ही उपयोगी पडतात. खत किंवा मीठ वाहणाऱ्याने भिंतींनाही पूर्ण जाडीचे अस्तर घ्यावे.

तिसरा प्रश्न : गाडी किती काळ ठेवावयाची आहे? फवारलेले अस्तर परत काढणे जवळजवळ अशक्य आहे. तासन्‌तास खरवडावे लागते. ते गाडीबरोबरच जाते. दोन वर्षांत गाडी विकणाऱ्याने तबकाचा किंवा चटईचा विचार करावा, परंतु तबक घेतल्यास वर्षातून दोनदा ते उचलून खालचा पत्रा धुवावा.

चौथा प्रश्न : पत्र्याची आजची स्थिती कशी आहे? नवी गाडी असेल तर पहिला चरा पडण्यापूर्वी अस्तर देणे उत्तम, कारण तेव्हा खालचा सर्व रंग शाबूत असतो. जुनी असेल तर गंज काढण्याचा खर्च अस्तराच्या खर्चात धरूनच हिशेब करावा.

पाचवा प्रश्न : करणारा कोण? त्यास तयारीचा क्रम, तळाची व भिंतीची जाडी, सुटल्यास दुरुस्तीची जबाबदारी आणि फवारणीच्या जागेची व्यवस्था विचारावी. हमीपत्र असेल तर ते संपूर्ण वाचावे. फिकट होणे, धारदार वस्तूने कापले जाणे किंवा पूर्वीच्या गंजामुळे सुटणे या गोष्टी त्यातून पुष्कळदा वगळलेल्या असतात.

या पाच प्रश्नांत द्रव्याचे व्यापारी नाव कोठेही आले नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. जाहिराती नावावर भर देतात, कारण नाव विकता येते. खरवडलेला, कोरडा, निर्मळ पत्रा विकता येत नाही. तो अस्तराखाली जाऊन कायमचा दिसेनासा होतो. तरीही हौद्याचे आयुष्य ठरते ते त्यावरच. अस्तर सावकाश घट्ट होणारे असो वा शीघ्र, मऊ असो वा कठीण, काम सुरू होण्याच्या दिवशी मालकाने दुकानात जाऊन पहिला फवारा उडण्यापूर्वीचा पत्रा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. त्यानंतर तो पाहण्याची संधी मिळत नाही.